जुन्या छोट्या हत्तीचे प्लग: ओळखायचे कसे, काढायचे कसे, बदलायचे कसे

तुम्ही नवीनच सेकंडहँड छोटा हत्ती (टाटा एससारखा छोटा ट्रक) घेतला असेल आणि तो चढावर झटके देऊन राहिला असेल तर गॅरेजला जायच्या आधी हे वाचा. मी वर्धा पासिंगचा दोन सिलिंडरचा पेट्रोल छोटा हत्ती घेतला होता, कापूस-सोयाबीन हिंगणघाटच्या मार्केटला न्यायला आणि बाजाराच्या दिवशी भाडं मारायला. रिकामी गाडी बरी चालायची, पण सहा-सात क्विंटल माल भरला की पुलाच्या चढावर पिकअपच नाही, धाप टाकल्यासारखी करायची. एका गॅरेजवाल्यानं कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देते ती) बदलली, दुसऱ्यानं इंजेक्टर साफ केले, पैसे गेले आणि मिसिंग, म्हणजे मधूनमधून सिलिंडर न पेटणं, तसंच राहिलं. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं सीट उचलली, दोन्ही स्पार्क प्लग (ठिणगी पाडून पेट्रोल पेटवतात ते) काढले आणि माझ्या हातावर ठेवले. एकाची चिनीमाती तडकलेली, दुसऱ्याचं टोक झिजून गोल झालेलं, आणि दोन्ही वेगवेगळ्या नंबरचे. मिस्त्री म्हणे, "हे पाय, आधी हे पाहाले पाहिजे होतं ना, मंग बाकीचं."

तेव्हापासून हे काम मी स्वतः करतो, घरच्या आणि गावातल्या दोन-तीन गाड्यांचं पण केलं. काम अवघड नाही पण घाई केली तर लय महागात पडते, ते पुढे सांगतोच.

१) आधी पाहा, तुमच्या गाडीत स्पार्क प्लग आहे तरी का

हे लिहायचं कारण म्हणजे दर वेळी कोणी ना कोणी डिझेल गाडी घेऊन प्लगचं विचारते. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच, तिथं हवा दाबूनच इतकी गरम होते की डिझेल आपोआप पेटते. काही डिझेल गाड्यांत हीटर प्लग असतो, त्यालाही लोक नुसतं "प्लग" म्हणतात, पण तो फक्त थंडीत स्टार्ट व्हायला मदत करते, त्याचं काम वेगळं आणि तपासायची रीत वेगळी. टाटा एस २००५ मध्ये आली ती डिझेलच होती, पेट्रोल आणि सीएनजी नंतर आले, म्हणून नुसतं बाहेरून "छोटा हत्ती" पाहून समजत नाही. आरसीवर इंधनाचा रकाना असतो तो पाहा. पेट्रोल किंवा सीएनजी लिहिलं असेल तरच पुढचं तुमच्या कामाचं.

किती प्लग लागतील ते सिलिंडरवरून ठरते. टाटा एस गोल्ड पेट्रोल दोन सिलिंडरची, ६९४ सीसी. मारुती सुपर कॅरी पेट्रोल चार सिलिंडरची. साधारण एका सिलिंडरला एक प्लग. दोन सिलिंडरच्या गाडीत एक प्लग मेला म्हणजे अर्धं इंजिन मेलं, म्हणून तिथं फरक लगेच जाणवते. चार सिलिंडरची गाडी एका मेलेल्या प्लगवर पण ओढत राहते आणि मालक म्हणतो गाडी जुनी झाली म्हणून अशी चालते.

२) लक्षणं

सकाळी स्टार्टर जास्त वेळ मारावा लागते, आयडलला गाडी थरथरते, लोडवर झटके, अ‍ॅव्हरेज पडलं, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास. सीएनजीवाल्यांसाठी एक खास खूण आहे: पेट्रोलवर नीट चालते आणि गॅसवर टाकली की मिसिंग मारते. गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून झिजलेला प्लग गॅसवर आधी उघडा पडते.

मीटरमधला इंजिनाचा पिवळा लाइट लुकलुकून राहिला असेल तर मात्र गाडी ओढत नेऊ नका, बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो जातो, आणि तो प्लगपेक्षा कितीतरी पटीनं महाग आहे. कोणाकडे स्कॅनर असेल तर कोड काढून घ्या: पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरला मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसऱ्याला, आणि पी०३०० म्हणजे कधी इथं कधी तिथं.

हीच लक्षणं कॉइल, इंजेक्टर, चोक झालेला एअर फिल्टर यांचीही असतात हे खरं. पण त्यात सगळ्यात स्वस्त आणि काढून डोळ्यांनी पाहता येणारी वस्तू प्लग आहे, म्हणून सुरुवात तिथून. आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट, कापूस नाहीतर कुटार गाडीजवळ पडलेलं असलं की उंदीर सीटखाली घर करतात आणि वायर कुरतडतात. सीट उचलल्यावर पहिले वायरींवर नजर फिरवा.

३) सामान आणि कागद

- गाडीचं मॅन्युअल. प्लगचा नंबर, गॅप (ठिणगी पडते त्या दोन टोकांतलं अंतर) आणि किती कसायचा हे त्यातच असते. मालकानं दिलं नसेल तर इंजिन नंबर आणि मॉडेल साल सांगून कंपनीच्या स्पेअर काउंटरवर विचारजा
- आरसीची झेरॉक्स किंवा फोटो, काउंटरवाला चेसिस नंबर मागते
- प्लग पाना, आतमध्ये रबर किंवा चुंबक असलेला. बहुतेक गाड्यांना १६ चा लागते, जुन्यांना २१ चा, काही नवीन बारीक प्लगना १४ चा
- लांब एक्स्टेन्शन आणि रॅचेट
- फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या
- हातभर पेट्रोलचा रबरी पाइप, प्लगच्या डोक्यावर घट्ट बसेल असा. याचा उपयोग खाली सांगतो, हा विसरू नका
- हवा मारायचं काही पण, कॉम्प्रेसर नसेल तर सायकलचा पंप चालते
- टॉर्च, कोरडं फडकं, पुठ्ठ्याचा तुकडा आणि पेन

टॉर्क पाना (किती जोरानं कसलं ते दाखवणारा) असला तर उत्तमच, नसला तरी काम होते.

४) प्लग घेताना

दुकानात जाऊन "छोट्या हत्तीचा प्लग द्या" असं म्हणू नका. नंबर सांगा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि सीएनजी गाडीचा प्लग वेगळा असू शकते, आणि आटे सारखे असले म्हणून कोणताही प्लग बसला असं होत नाही. लांबी जास्त असली तर पिस्टनला लागू शकते, कमी असली तर ठिणगी आतमध्ये पोचत नाही आणि रिकाम्या आट्यांत कार्बन जमते.

त्याहून जास्त गोंधळ गरम-थंड प्लगचा. गरम प्लग म्हणजे ज्याची उष्णता हळू बाहेर जाते, थंड म्हणजे ज्याची लवकर जाते. प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० डिग्रीच्या मधात राहिलं पाहिजे, त्याखाली कार्बन जळत नाही आणि त्यावर गेलं तर टोकच ठिणगीआधी मिश्रण पेटवते. प्लग किती गरम-थंड त्याचा आकडा प्लगच्या नंबरातच असते पण कंपनी बदलली की उलटा होते: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की प्लग गरम. म्हणून ६ च्या जागी दुसऱ्या कंपनीचा ६ घेऊन बसवला तर चुकू शकते. दुकानदाराला बदली नंबर कंपनीच्या चार्टमध्ये दाखवायला लावा. आणि जुने मिस्त्री "मायकोचा प्लग" म्हणतात तो बॉशचाच, मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं.

साधा निकेलचा की इरिडियमचा? मॅन्युअलमध्ये निकेल असेल तर निकेल घाला, वेळेवर बदला, माझ्या मते भाड्याच्या गाडीला तेच परवडते. इरिडियम टिकते जास्त, पण जुन्या इंजिनात ऑईल वर येत असेल तर महागडा प्लगही तसाच काळा होते.

डुप्लिकेट माल लय आहे. डब्बा पाहून फसू नका, प्लग बाहेर काढून पाहा: आटे गुळगुळीत कापलेले, चिनीमातीवरची छपाई स्पष्ट, वॉशर नीट, मधलं टोक बरोबर मधात. बिल मागा, बिल द्यायला कुरकुर करते तिथून घेऊ नका. आणि सगळे प्लग एकदमच बदला, एक जुना एक नवीन असं करून काही वाचत नाही.

५) काढायचे कसे

इंजिन थंड पाहिजे. पूर्ण थंड. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असते, गरम असताना त्याचे आटे नरम असतात आणि प्लगसोबत ओढून निघू शकतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४५ डिग्रीत इंजिन थंड व्हायची वाट पाहणं म्हणजे संध्याकाळ करणं, म्हणून रात्री गाडी लावून ठेवा आणि पहाटे चहाच्या आधी काम काढा. माझं ठरलेलं आहे, उन्हाळ्यात सहाच्या आत.

सीएनजी असेल तर सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा, गाडी बाहेर मोकळ्या जागेत घ्या, बिडी-सिगारेटवाल्याला दूर बसवा. चावी काढा, बॅटरीची मायनस वायर सोडा.

छोट्या ट्रकचं इंजिन बहुतेक सीटखाली असते. सीट उचलून आडवी होऊ नये अशी अडकवा, एकाच्या बोटावर पडलेली मी पाहिली आहे. आता वर प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरी दिसतील, नाहीतर प्रत्येक प्लगवर एक कॉइल बोल्टनं बसवलेली दिसेल. मोबाईलनं फोटो काढा. वायरीवर पेननं १, २ लिहा, कारण वायरींची अदलाबदल झाली तर गाडी फटाके फोडते किंवा स्टार्टच होत नाही.

वायर काढताना वायरला धरून ओढायचं नाही, टोपीला धरून थोडं डावं-उजवं फिरवून मग वर. कॉइल असेल तर आधी तिचा प्लास्टिकचा लॉक दाबून सॉकेट काढा, उन्हानं ते लॉक कडक झालेले असतात, स्क्रूड्रायव्हरनं उचकटले की तुटतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि गॅरेजमध्ये घाईत हेच राहते: पाना लावायच्या आधी प्लगच्या खड्ड्यात हवा मारा. त्या खड्ड्यात धूळ, कुटार, काळ्या मातीचे कण, कधी छोटा खडा पण असते. प्लग काढला की ते सगळं सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टन-लायनरला घासत बसते. हवा मारताना डोळे सांभाळा.

मग पाना सरळ खाली बसवा, वाकडा लावला तर चिनीमाती फुटते. उलटा फिरवून कट्ट आवाज झाला की ढिला झाला. पुढचं हातानं. जास्तच घट्ट असेल तर जोर लावत बसू नका, गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर राहू द्या, दुसऱ्या दिवशी पाव फेरा ढिला, परत थोडा घट्ट, परत ढिला असं करत काढा. लोक पान्याला पाइप लावून जोर करतात, त्यातूनच प्लग अर्धा तुटून आत राहतो.

एका वेळी एकच प्लग. काढलेला प्लग पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात खोचा आणि बाजूला सिलिंडरचा नंबर लिहा. खड्ड्यावर स्वच्छ फडकं झाका.

६) जुना प्लग वाचायचा कसा

सेकंडहँड गाडीत मला हा भाग सगळ्यात कामाचा वाटते. मालकानं सांगितलं काहीही असो, इंजिन आतून कसं चालून राहिलं ते प्लगच्या टोकावर लिहिलेलं असते. फक्त एक अट, गाडी नीट लोडवर चालवून आणल्यानंतर थंड करून काढलेला प्लग पाहा. दारात अर्धा तास आयडलवर ठेवून काढला तर कोणताही प्लग काळाच दिसते.

फिकट बदामी किंवा राखाडी, कोरडा: तब्येत ठीक. कडा झिजून गोल झाल्या आणि गॅप वाढला असेल तर फक्त वय झालं, बदला.

काळा, कोरडा, काजळीसारखा, बोटाला लागते: पेट्रोल जास्त, हवा कमी. पहिले एअर फिल्टर पाहा, सोयाबीन काढणीच्या दिवसांत आमच्या धुऱ्यांवरच्या धुळीनं फिल्टर कधी भरते समजत नाही. दुसरं कारण छोट्या फेऱ्या, घर ते शेत ते घर, टोक गरमच होत नाही आणि काजळी जळत नाही. तेवढ्यानंच असेल तर एक दिवस लांब भाडं मारलं की प्लग बऱ्यापैकी साफ होतो.

काळा, ओला, चकचकीत, ऑईलचा वास: इथं थांबा. ऑईल वर येऊन राहिलं, पिस्टन रिंग नाहीतर व्हॉल्व्ह सील. नवीन प्लग घालून गाडी काही दिवस बरी चालते, विकणारे हेच करतात. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होते ते) चेक करून घ्या. कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल टाकून परत मोजायला सांगा: वाढलं तर रिंग गेल्या, तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह. पण ऑईल फक्त वर, आट्यांवर आणि चिनीमातीवर असेल आणि टोक कोरडं असेल तर घाबरू नका, ते टॅपेट कव्हरच्या रबर सीलमधून झिरपलेलं असते, सील बदलला की झालं.

पांढराफटक, टोकावर फोड किंवा वितळल्यासारखं: जास्त तापलं. चुकीचा गरम प्लग, प्लग ढिला राहिलेला, मिश्रणात हवा जास्त, नाहीतर कूलंट कमी. आपल्या उन्हात रेडिएटर कचऱ्यानं भरलेला असला की हे होते. कारण न शोधता नुसता प्लग बदलू नका, नवीनही जाईल.

चिनीमातीला तडा, किंवा उभी काळी रेघ: ठिणगी बाहेरून पळते. रेघ असेल तर टोपीच्या आतही तशीच रेघ असेल, टोपी किंवा वायर पण बदला. मात्र चिनीमातीच्या बुडाशी, लोखंडाच्या वर, फिकट तपकिरी डाग गोल पसरलेला दिसला तर तो दोष नाही, जास्त व्होल्टेजमुळे हवेतली घाण तिथं चिकटते. त्या डागावरून "गॅस लीक आहे" म्हणून घाबरवणारे भेटतात.

आणि दोन सिलिंडरच्या प्लगांचा रंग एकमेकांपेक्षा वेगळा असेल तर दोष त्या एका सिलिंडरमध्ये आहे, एअर फिल्टरसारख्या सगळ्यांच्या वस्तूत नाही. हे लक्षात ठेवलं तर निम्मं शोधकाम वाचते.

साफ करून परत घालायचं का? पॉलिश पेपर किंवा तारेच्या ब्रशनं घासायची सवय सगळीकडे आहे. तारेचा धातू चिनीमातीवर बारीक चिकटते आणि ठिणगीला चोरवाट मिळते, पेपरचे कण आत अडकतात. रस्त्यात अडकले असाल तर पुसून घाला आणि घरी या, पण घरी आल्यावर नवीन घाला.

७) गॅप

नवीन प्लगचा पण मोजा, वाहतुकीत धक्का लागून बदललेला असू शकते. मॅन्युअलमध्ये ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान काहीतरी दिलेलं असते, सीएनजीला साधारण कमी. फिलर गेजची पट्टी हलकी घासत गेली पाहिजे. कमी-जास्त करायचा तर फक्त बाहेरचा वाकडा पाय हळू वाकवा, मधल्या टोकाला टेकू लावू नका. इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक असते, त्याला हात न लावलेला बरा. फरशीवर पडलेला प्लग वापरू नका, तडा डोळ्यांना दिसत नाही.

८) बसवताना

इथं माझं नुकसान झालं होतं म्हणून नीट सांगतो. पहिल्यांदा स्वतः केलं तेव्हा प्लग थोडा वाकडा लागला, मला वाटलं कचरा असेल, रॅचेट लावून जोर केला. आटे मेले. हेड खोलून वर्ध्याच्या लेथवाल्याकडे नेलं, त्यानं भोक मोठं करून नवीन आट्यांची स्लीव्ह बसवली, ऐन कापसाच्या हंगामात आठ दिवस गाडी उभी राहिली आणि माल दुसऱ्याच्या गाडीनं भाडं देऊन नेला.

म्हणून तो रबरी पाइप. प्लगचं वरचं डोकं पाइपमध्ये खोचा, प्लग खड्ड्यात सोडा आणि पाइप बोटांनी फिरवा. आधी थोडा उलटा फिरवा, आटे एकमेकांत पडल्याचं टक्क जाणवते, मग सुलटा. वाकडा लागला तर पाइप नुसता घसरते, आटा मारायची ताकदच त्यात नाही. पाइपनंच शेवटपर्यंत गेला पाहिजे. नाही गेला तर काढा आणि परत लावा, दहा वेळा लावा.

टेकल्यावर पाना घ्या. नवीन वॉशरवाला प्लग असेल तर हातानं टेकल्यापासून अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत, त्यात वॉशर दबल्याचं हाताला कळते. तोच जुना प्लग परत घालत असाल तर वॉशर आधीच दबलेला असते, घड्याळाच्या काट्याचं एक घर, म्हणजे एक बारांश फेरा, बस. वॉशर नसलेला निमुळत्या बुडाचा प्लग असेल तर एक सोळांश. टॉर्क पाना असेल तर अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये १४ मिलिमीटर आट्यांच्या वॉशरवाल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २०, आणि मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर मॅन्युअलचं खरं. आट्यांना ग्रीस-ऑईल लावू नका, त्यानं तेवढ्याच जोरात प्लग जास्त कसला जातो.

ढिला ठेवणं पण तितकंच वाईट, प्लगची उष्णता आट्यांतून आणि वॉशरमधूनच हेडमध्ये जाते, ढिला राहिला की टोक तापते.

टोपी किंवा कॉइल दाबून बसवा, बसल्याचं हाताला कळते. लॉक, बोल्ट, फोटो पाहून वायरींचे नंबर, शेवटी बॅटरी.

९) स्टार्ट करून

पहिले पाच मिनिटं आयडल ऐका. थरथर गेली पाहिजे. मग माल भरून नेहमीच्या चढावर न्या, रिकाम्या गाडीवर निकाल देऊ नका. मिसिंग अजून असेल तर दोन सिलिंडरच्या कॉइल आपसात बदलून पाहा: मिसिंग दुसऱ्या सिलिंडरवर गेलं तर कॉइल खराब, तिथंच राहिलं तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. चालू इंजिनवर वायर उपटून "कोणता सिलिंडर मेला" पाहायची जुनी पद्धत मात्र करू नका, झटका जबर बसते आणि कॉइल पण जाते.

किलोमीटर डायरीत लिहून ठेवा. पाचशे-हजार किलोमीटरनंतर एखाद्या पहाटे एक प्लग परत काढून रंग पाहजा.

१०) अजून गाडी घ्यायची असेल तर

इसार द्यायच्या आधी मालकाला विचारा, "भाऊ, एक प्लग काढून पाहू का?" अर्ध्या तासाचं काम आहे. स्वतःचा पाना घेऊन जा, गाडी थंड असताना जा. प्लग कोरे करकरीत निघाले तर खूश होऊ नका, जुने कुठं आहेत ते विचारा, आणि गाडी वीस-तीस किलोमीटर लोडवर फिरवून, थंड करून परत पाहा. सीएनजी असेल तर आरसीवर सीएनजी चढलेलं आहे का आणि गॅस सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं केलेली तपासणी) तीन वर्षांच्या आतली आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्या. ऑईलनं ओला प्लग निघाला तर तो मालकाच्या हातावर ठेवा आणि इंजिन कामाचा खर्च भावातून कापायची गोष्ट तिथंच काढा, इसार दिल्यावर कोणी ऐकत नाही.